एका पानाचे नियम आणि तीन पुस्तकांचे नियम

चहा चुलीवर असेल, हातात निवडायची मेथी असेल, तर ती हातात राहू द्या. हात कामात आणि कान इकडे, एवढंच मागणं. आज बचतीचं, कर्जाचं, व्याजाचं काही नाही. आज खेळाचं बोलायचं आहे. पण खेळाचं बोलता बोलता गाडी कुठे जाऊन थांबते ते बघा.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या बहिणीचा मुलगा पुण्याहून सुट्टीला आला. कॉलेजात शिकतो. बॅग उचलली तर ही जड! मला वाटलं, पोरगा अभ्यासाला लागला. उघडून बघते तर तीन जाडजूड पुस्तकं. आत राक्षस, तलवारी, भुयारं, जादूगार. आणि एका थैलीत रंगीत फासे. आपल्या ल्युडोचा फासा सहा बाजूंचा. त्याच्याकडे चार बाजूंचा होता, आठचा, दहाचा, बाराचा आणि चक्क वीस बाजूंचासुद्धा. मी विचारलं, "हा कसला अभ्यास रे?" तो म्हणाला, "मावशी, हा गोष्टीचा खेळ आहे. बसून खेळायचा. पट लागत नाही, कोण जिंकलं कोण हरलं असंही नाही."

मला काही कळेना. मग त्याने समजावलं आणि माझ्या लक्षात आलं, अरे, हा तर आपण सगळ्यांनी खेळलेला खेळ आहे. भातुकली! तू सासू, मी सून, ही पाहुणी. मातीची चूल, पानांच्या भाकऱ्या. प्रत्येकीचं एक सोंग आणि सगळ्यांची मिळून एक गोष्ट. पण भातुकली मोडायची कशावरून, आठवतं का? एक म्हणायची, "तुझ्या घरात चोर आला." दुसरी म्हणायची, "मी दाराला कडी लावली होती." "कडी तोडून आला." "नाही तुटली." "तुटली!" आणि मग गट्टी फू.

हा भांडणाचा प्रश्न ज्याने सोडवला, तोच भाच्याचा खेळ. यात एक जण सूत्रधार असतो. तो सांगतो, "रात्र झाली आहे, दाराशी कुणीतरी खुडबुड करतंय, तुम्ही काय करता?" बाकीचे आपापलं सोंग घेऊन बोलतात. मी कडी लावते, मी काठी घेऊन मागच्या दाराने जाते. कडी तुटली की नाही, याचा निकाल फासा देतो. आणि फासा कधी टाकायचा, किती पडलं की काम झालं, हे नियम सांगतात. म्हणजे भातुकलीत पंच आला, फासा आला आणि नियम आले.

या जातीचा पहिला छापील खेळ अमेरिकेत १९७४ साली आला. नाव 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो लिहिला. एका डब्यात तीन छोट्या पुस्तिका. पण त्यांत इतक्या गोष्टी अर्धवट सांगितलेल्या होत्या की ज्याला जसं समजेल तसं तो खेळायचा. एका घरातले नियम शेजारच्या घरात चालायचे नाहीत. मग दोन बाजूंनी दोन वाटा फुटल्या. केन सेंट आंद्रे नावाच्या माणसाला तो खेळ किचकट वाटला. त्याने १९७५ मध्ये 'टनेल्स अँड ट्रोल्स' नावाचा सोपा खेळ काढला. त्याला साधे सहा बाजूंचे फासे पुरायचे. आणि मूळ खेळवाल्यांनी उलटी वाट धरली. १९७७ ते १९७९ या काळात त्यांनी मोठ्या खेळाची तीन जाड पुस्तकं काढली, म्हणजे कुठेही बसलं तरी खेळ एकसारखा व्हावा. पण गंमत अशी की १९७७ मध्येच त्यांनी नवशिक्यांसाठी एक सोपा संचही काढला. फार नियम आणि थोडे नियम, दोन्ही एकाच दुकानात!

आता थोडे नियम आणि फार नियम म्हणजे नेमका फरक काय? आपल्या ओढ्याचं उदाहरण घेऊ. गोष्टीत ओढ्याला पाणी आलं आहे आणि पोहून पलीकडे जायचं आहे.

थोड्या नियमांच्या खेळात सूत्रधार म्हणेल, "सहा बाजूंचा फासा टाक. चार किंवा जास्त पडले तर पलीकडे गेलीस." चार, पाच, सहा पडले तर काम झालं. एक, दोन, तीन पडले तर नाही. म्हणजे निम्मी आशा. एका मिनिटात निकाल.

भाच्याच्या मोठ्या खेळात आधी तुमच्या पात्राचा कागद बघायचा. ताकद किती? समजा १४. चौदा ताकदीला दोन गुण वाढीव मिळतात. पोहण्याचा सराव आहे? नव्या पात्राला त्याचे आणखी दोन. मग वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि त्यात हे चार मिळवायचे. मध्यम अवघड कामाला बेरीज १५ लागते. म्हणजे फाशावर ११ किंवा जास्त पडायला हवेत. विसातली दहा घरं तुमची. म्हणजे पुन्हा निम्मीच आशा!

मी भाच्याला म्हटलं, "मग एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? उत्तर तर तेच." तो म्हणाला, "मावशी, आता ओढ्यात म्हातारीला उतरव." तिची ताकद ८, सराव नाही. तिला तर उलट एक गुण वजा. तिला फाशावर १६ लागतात. विसातली पाचच घरं, चार आण्यांची आशा. आता कळलं? सोप्या नियमाने तरणी आणि म्हातारी एकाच मापाने मोजली होती. सोप्या खेळात म्हातारीचं वय लक्षात घ्यायचं की नाही, किती घ्यायचं, हे सूत्रधाराच्या मनावर. मोठ्या खेळात ते कागदावर. नियम थोडे केले म्हणून निर्णय कमी होत नाहीत, मैत्रिणींनो. ते फक्त कागदावरून उठून माणसाच्या हातात जाऊन बसतात.

हा वाद आजचा नाही. दोनशे वर्षांपूर्वी जर्मनीच्या प्रशिया राज्यात लष्करी अधिकाऱ्यांना शिकवायला युद्धाचा खेळ होता. नकाशावर सैन्याचे ठोकळे मांडायचे, मधे पंच, हातात फासे. १८२४ साली त्याचं नियमांचं पुस्तक निघालं. पुढे नियम वाढत गेले, कोष्टकं वाढत गेली आणि खेळ रेंगाळू लागला. १८७६ मध्ये फॉन व्हर्डी या सेनाधिकाऱ्याने सांगितलं, कोष्टकं आणि फासे बाजूला ठेवा, लढाईचा अनुभव असलेला पंच बसवा, तो निकाल देईल. खेळ भराभर होऊ लागला. पण त्यात एक अट लपली आहे, ती ओळखा. पंच जाणता हवा आणि समोरच्यांचा त्याच्यावर विश्वास हवा. पंच कच्चा निघाला किंवा एका बाजूचा निघाला, तर मग काय?

ही अट मला पुस्तकातून समजली नाही. आमच्या गटाच्या बैठकीत समजली. त्याचंच खरं तर सांगायचं आहे.

मी भाच्याला म्हटलं, आमच्या बायकांना शिकव तुझा खेळ. बैठक संपली, वह्या मिटल्या, आणि आम्ही आठ जणी राहिलो. पहिल्या दिवशी त्याने मोठा खेळ मांडला. आधी प्रत्येकीने आपलं पात्र बनवायचं. ताकद, चपळाई, चिवटपणा, बुद्धी, शहाणपण, छाप असे सहा रकाने. प्रत्येक रकान्याला चार फासे टाकायचे, त्यातला सगळ्यांत लहान आकडा सोडायचा, उरलेल्या तिघांची बेरीज लिहायची. सहा रकाने, आठ बायका. तास गेला तरी कागद भरणं चालूच. आमच्यात एक साठीच्या पुढच्या आजी आहेत. सही करायला शिकल्या त्या गटात आल्यावर. त्या म्हणाल्या, "अगं, खेळायला बोलावलंस का खातं उघडायला? फोटो किती आणायचे ते तरी सांग!" सगळ्या हसल्या आणि एकेक जण भाकरी टाकायच्या म्हणून उठली.

पण एक सांगते, अगदी सगळ्या उठल्या नाहीत. आमच्या गटाचा हिशोब लिहिणारी मात्र बसून राहिली. तिला तो कागद आवडला. कुठला गुण वाढवला तर कुठे उपयोग होतो, हे ती बोटांवर मोजत होती. म्हणजे फार नियमांमध्येही रस असतो. ज्याला जुळवाजुळव आवडते, डोकं लावायला आवडतं, आणि वेळ आहे, त्याला त्यात स्वयंपाकासारखी गोडी लागते. शिकलेलं फुकट जात नाही. फक्त दारातून आत यायलाच उंबरठा उंच आहे.

दुसऱ्या बैठकीला भाच्याने एक पान काढलं. खरंच एक पान! 'लेझर्स अँड फीलिंग्ज' नावाचा खेळ, जॉन हार्पर यांनी २०१३ मध्ये केलेला. मूळ गोष्ट अंतराळयानाची आहे. प्रत्येकीने दोन ते पाचमधला एकच आकडा निवडायचा. आकडा मोठा तर तुम्ही यंत्रात, तर्कात हुशार. आकडा लहान तर माणसं सांभाळण्यात, मन ओळखण्यात हुशार. समजा तुमचा आकडा चार. यंत्राचं काम असेल तर फाशावर चारच्या खाली पडायला हवं. एक, दोन, तीन चालतील. माणसाचं काम असेल तर चारच्या वर, म्हणजे फक्त पाच आणि सहा. एका बाजूला वाढलात की दुसऱ्या बाजूला कमी. तयारी करून गेलात तर एक फासा जास्त टाकायचा, त्या कामात तरबेज असाल तर आणखी एक. मुख्य नियम संपले!

आम्ही यान सोडलं आणि टेम्पो घेतला. यंत्राच्या जागी हिशोब, आणि भावनेच्या जागी बोलणं. गोष्ट अशी की गटाचे पापड आणि शेवया घेऊन आम्ही जिल्ह्याच्या प्रदर्शनाला निघालो आणि घाटात टेम्पो बंद पडला. सूत्रधार मी. काय रंगला म्हणता खेळ! आजींनी आकडा दोन घेतला, बोलण्यात पक्की. त्यांनी वाटेतल्या ट्रकवाल्याला असं काही बोलून गुंडाळलं की पोटं दुखली हसून.

आणि तिथेच माझी चूक झाली. माझी शेजारीण टेम्पोवाल्याला भाडं कमी करायला सांगत होती. तिचा फासा चुकला. पण ती बोलली इतकी छान की मी म्हटलं, "जाऊ दे गं, पटला तो." थोड्या वेळाने वस्तीवरून येणारी आमची एक सदस्य तशीच बोलायला उभी राहिली. ती मुळात कमी बोलणारी. दोनच वाक्यं बोलली. तिचाही फासा चुकला. मी म्हटलं, "नाही पटला." खेळ पुढे गेला. माझ्या ध्यानातही आलं नाही. ती कागद खाली ठेवून बसली. निघताना पायात चपला घालता घालता मला म्हणाली, "ताई, खेळातबी तसंच का?"

तिचं 'तसंच' कशाबद्दल होतं, ते मला माहीत होतं. दोन महिन्यांपूर्वी बैठकीला उशीर झाला म्हणून तिच्याकडून दहा रुपये दंड घेतला होता. त्याच्या पुढच्याच बैठकीला गावातली एक जण तितक्याच उशिरा आली, तेव्हा आम्ही म्हटलं, "घरी पाहुणे होते तिच्या, राहू दे." वस्तीवरून येणारीला दोन मैल चालावं लागतं, ते कुणी बोललं नाही. ती स्वतःही बोलली नाही. आमच्या दंडाचा नियम एका ओळीचाच होता. सोपा, सुटसुटीत. पण सूट कुणाला द्यायची, ते त्या ओळीत नव्हतं. ते आमच्या मनात होतं. आणि मनात जवळची माणसं आधी येतात.

दहा रुपयांनी कुणी गरीब होत नाही. पण गट टिकतो तो विश्वासावर, आणि तो असाच दहा-दहा रुपयांनी झिजतो.

मग भाच्याला विचारलं, काय करू? तुझी तीन पुस्तकं परत काढू? तो म्हणाला, "सगळे नियम नको वाढवूस. जिथे भांडण होतं, तिथेच नियम लिही." मला हे फार पटलं. तिसऱ्या बैठकीला तेच एक पान घेतलं आणि त्याच्याखाली तीन ओळी वाढवल्या. त्या भिंतीवर चार्ट पेपरवर लिहिल्या.

पहिली ओळ, फासा टाकण्याआधी सूत्रधाराने सांगायचं की जमलं तर काय होईल आणि नाही जमलं तर काय. फासा पडल्यावर शब्द फिरवायचा नाही.

दुसरी ओळ, बसलेल्या क्रमाने पाळी. आपल्या पाळीला गप्प बसायची मुभा आहे, पण दुसरीच्या पाळीत तोंड घालायची नाही.

तिसरी ओळ मला सगळ्यांत आवडते. प्रत्येकीला सुरुवातीलाच दोन चिंचोके द्यायचे. फासा चुकला तर एक चिंचोका टाकून तो पुन्हा टाकता येतो. चिंचोके संपले की संपले. ही युक्ती आमची नाही, असं काही ना काही पुष्कळ खेळांमध्ये असतं. पण त्यातलं मर्म बघा. सूट तर द्यायचीच आहे, कारण माणूस चुकतो. पण ती सूत्रधाराच्या मर्जीत न ठेवता प्रत्येकीच्या ओच्यात सारखी मोजून टाकायची. मागायची गरज नाही, गोड बोलायची गरज नाही.

त्या दिवशी वस्तीवरच्या बाईंचा फासा पुन्हा चुकला. त्यांनी चिंचोका पुढे सरकवला, फासा हातात बराच वेळ खुळखुळवला आणि टाकला. पुन्हा चुकला! गोष्टीत आमच्या शेवया भिजल्या. पण त्या हसल्या आणि म्हणाल्या, "पडलं तर पडलं. माझं मी पाडलं." पुढच्या पाळीला त्या दोन वाक्यांऐवजी पाच वाक्यं बोलल्या. जास्त काही झालं असं मी म्हणणार नाही. पण मला ती पाच वाक्यं पुरली.

मग आम्ही दंडाच्या नियमालाही एक ओळ जोडली. वर्षातून दोनदा उशीर माफ, प्रत्येकीला सारखाच, कारण विचारायचं नाही. तिसऱ्या वेळेपासून दंड, मग ती अध्यक्ष असो की मी. आपल्या गटाची पंचसूत्री तुम्हाला पाठ आहे, बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशोब, पाचही नियमित. पाचच गोष्टी का? कारण सही शिकलेल्या आजींनाही त्या बोटांवर मोजता याव्यात. ज्या बाईला नियम माहीत नाही, तिला नियमाने वागवताही येत नाही आणि तिला नियमाचा आधारही घेता येत नाही. नियम सोपे असण्याचं हे मोठं कारण आहे. पण कर्ज आधी कुणाला, हे भांडणाचं ठिकाण. तिथे मात्र एका ओळीवर भागवू नका. तिथे दोन ओळी जास्त लिहा.

म्हणून मला कुणी विचारलं की थोडे नियम बरे की फार, तर मी उलट तीन प्रश्न विचारते. बसलेल्या कोण आहेत, सरावलेल्या की पहिल्यांदा आलेल्या? वेळ किती आहे, रात्रभर की भाकरीआधीचा तास? आणि पंचावर सगळ्यांचा सारखा विश्वास आहे का? नवख्या बाया आणि थोडा वेळ, तर एक पान काढा. हौस आहे, महिनोन्‌महिने तेच गडी खेळणार आहेत, तर जाड पुस्तकं खुशाल घ्या. त्या मोठ्या खेळाचं २०१४ मध्ये नवं रूप आलं, तेव्हा करणाऱ्यांनीही जुनी किचकट बेरीज-वजाबाकी बरीच कमी केली. तुमची बाजू वरचढ असेल तर वीस बाजूंचा फासा दोनदा टाका आणि मोठा आकडा घ्या, बाजू पडती असेल तर लहान घ्या, असा एकच साधा नियम पुष्कळ ठिकाणी आणला. तरी खेळाडूंचं पुस्तक तीनशे पानांच्या वरच आहे! म्हणजे चाळीस वर्षं खेळून त्यांनाही मधली वाट शोधावी लागली.

तुम्हाला खेळून बघायचं असेल तर पुस्तक नको, पैसे नकोत. ल्युडोतला एक फासा, मूठभर चिंचोके, एक कागद. प्रत्येकीने दोन ते पाचमधला आकडा घ्या. गोष्ट आपल्या ओळखीची घ्या. बाजाराला निघालो आणि एसटी आली नाही. लग्नघरी ऐन वेळी पन्नास पाहुणे वाढले. बँकेत कर्जाची फाईल घेऊन गेलो आणि साहेब जेवायला गेले. सूत्रधार दर वेळी बदला. हे विसरू नका, दर वेळी बदला. जी नेहमी गप्प असते, तिलाही एकदा सूत्रधार करा. आमच्याकडे पुढच्या खेपेला वस्तीवरच्या बाई सूत्रधार होत्या. त्यांनी माझा टेम्पो तीनदा बंद पाडला आणि माझे दोन्ही चिंचोके पहिल्या दहा मिनिटांत संपवले. मी म्हटलं, "अहो, जरा सूट द्या की." त्यांनी नुसतं भिंतीवरच्या चार्टकडे बोट दाखवलं.

चला, भाकरी करपेल. पुढच्या भेटीत पुन्हा आपल्या हिशोबाच्या वहीकडे वळू. तोवर तुमच्या गटात भांडण कुठल्या जागी होतं, ते शोधून ठेवा आणि तिथे एक ओळ लिहा. नमस्कार.